गायरानाचं इंग्रजी नाव

माझी मुलगी सरकारी शिष्यवृत्तीवर बर्मिंगहॅमला शिकायला गेली, त्याला आता दुसरं वर्ष लागलं आहे. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. हिंगोलीत दिवेलागण झालेली असते आणि तिच्याकडे दुपार. ती बहुतेक वेळा चालता चालता बोलते, त्यामुळे आम्हा नवरा-बायकोला तिचा चेहरा कमी आणि तिथलं करडं आभाळ जास्त दिसतं.

अशाच एका रविवारी ती शहराबाहेरच्या एका जुन्या बागेत गेली होती. फोन एका पाटीसमोर धरून म्हणाली, "बाबा, वाचून दाखवा."

ती लहान असताना हा खेळ माझा होता. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, बसच्या काचेवरचे कागद, जे दिसेल ते मी तिला वाचायला लावायचो आणि अर्थ विचारायचो. आता ती विचारत होती. मी पंचवीसहून जास्त वर्षं शाळेत इंग्रजी शिकवतो, पण पाटीवरचा तो शब्द मी कधी पाहिला नव्हता. आधी 'लीसोव्ज' असं काहीतरी वाचलं, मग 'लेसोज'. ती हसली. इथली माणसं 'लेझोज' म्हणतात, म्हणाली. मग तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, आडनाव असेल एखादं, किंवा भाडेपट्टीशी काही संबंध असेल.

"चूक. शोधा आणि पुढच्या रविवारी सांगा. तुम्ही मला लावायचात तसं वहीत पाच वेळा लिहायला नाही लावणार."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी शाळेच्या कपाटातला जुना जाडा शब्दकोश काढला. त्याची पानं कोपऱ्यांना वाळवीने खाल्लेली आहेत, पण शब्द सापडला. जुना शब्द, आता खेड्यापाड्यांतच कुठे उरलेला. अर्थ फक्त एका ओळीचा होता: गुरं चरायची जागा, चराऊ रान. मी मनातल्या मनात त्याचं मराठी केलं, आणि जो शब्द आला तो आल्यावर शब्दकोश मिटून ठेवला. तास सुरू झाल्याची घंटा झाली तरी मी कपाटापाशीच उभा होतो.

तो शब्द गायरान. या शब्दाशी माझा एक व्यवहार आहे, जो मी मुलीला, बायकोला, कुणालाच नीट सांगितलेला नव्हता. तो इथे लिहितो आहे. स्वतःला बरं दाखवायचा मोह लिहिताना होतोच. तो जिथे दिसेल तिथे वाचणाऱ्याने माझ्यावर विश्वास ठेवू नये.

आमचं गाव औंढा तालुक्यात आहे. गावाच्या दक्षिणेला आमची बौद्धवस्ती आणि वस्तीला लागून गायरान. मुरमाड माळ, पळसाची आणि हिवराची झाडं, बोरीच्या जाळ्या, आणि मधोमध एक खोलगट जागा, जिथे उन्हाळ्यातही वाटीभर पाणी पाझरायचं. त्याला आम्ही झिरा म्हणायचो. माझी आत्या तिथे शेळ्या राखायची. ती लग्नानंतर तीन वर्षांत परत आली होती, मूलबाळ नव्हतं, आणि माझी आई आजारीच असायची, म्हणून मी आत्याच्याच मागे वाढलो. शाळा सुटली की मी थेट गायरानात जायचो. एक काळा, बसका खडक होता, त्यावर बसून मी पाटीवर अक्षरं गिरवायचो आणि आत्या शेळ्यांकडे नजर ठेवत माझ्या पाटीकडेही बघायची. तिला वाचता येत नव्हतं. पण अक्षर ओळीवर बसलं आहे का नाही हे तिला कळायचं. "हे उताणं पडलंय," असं म्हणून ती बोट ठेवायची आणि मी ते पुसून पुन्हा काढायचो. माझं अक्षर चांगलं झालं ते तिथे. पुढे जे झालं त्यात या चांगल्या अक्षराचाच हात होता.

माळावरच्या प्रत्येक जागेला तिच्याकडे नाव होतं. झिरा, बसकं, जोडपळस, करडं जिथे ठेवायची ती पाळणी, साप निघाला होता ती लांब बोर. बाहेरच्याला तो नुसता माळ दिसायचा. आम्हाला ते घराच्या खोल्यांसारखं होतं. 'बसक्यावर ये' म्हटलं की कुठे यायचं ते कळायचं.

मी शिकलो, नोकरीला लागलो, हिंगोलीत घर केलं. गावात जाणं-येणं राहिलं. आणि गावात माझ्यासाठी एक काम ठरून गेलं. पंचनामा असो, गावकऱ्यांचं निवेदन असो, कुणाचा जबाब असो, अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बोलवायचे. तलाठी बदलत गेले, लिहिणारा तोच राहिला. वाऱ्याने पडलेली झाडं, पुराने खचलेली विहीर, वीज पडून मेलेली म्हैस, सगळ्यांचे पंचनामे माझ्या हातचे आहेत. त्या कागदांची भाषा ठरलेली असते. 'आम्ही खाली सह्या करणारे पंच समक्ष हजर राहून लिहून देतो की' इथून सुरू होते आणि शेवटापर्यंत हाताला पाठ असते. तलाठी पहिले दोन शब्द सांगतो, उरलेलं वाक्य हात स्वतः पुरं करतो. मला या गोष्टीचा अभिमान होता. वस्तीतल्या माणसाला मानाने बोलवून, खुर्ची देऊन लिहायला बसवतात, हे माझ्या बापाच्या काळात झालं नसतं, असं मला वाटायचं.

मग गावाला बाग मंजूर झाली. सरपंच माझ्यापेक्षा वयाने लहान, शेतकरी घरातला, बोलायला गोड. त्याने मला फोन करून सांगितलं की गायरानातल्या खोलगट भागाभोवती उद्यान करायचं आहे, चालायला पट्टा, व्यायामाची यंत्रं, झाडं. आणि एका बाजूला वस्तीतल्या पोरांसाठी अभ्यासिका. अभ्यासिका हा शब्द त्याने दोनदा उच्चारला. माझ्यासाठी कोणता शब्द पुरेल हे त्याला माहीत होतं.

पंचनाम्याच्या दिवशी आम्ही पाच पंच गायरानाच्या कडेला लिंबाखाली बसलो. चौघे गावातले शेतकरी होते, वस्तीतला मी एकटा. वस्तीतला एक पंच मुद्दाम घेतला होता, म्हणजे पुढे कुणी हरकत घ्यायला नको. हे मला नंतर कळलं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. खरं तर खुर्ची पुढे आली तेव्हाच कळलं होतं. तलाठी सांगत गेला, मी लिहीत गेलो. चतुःसीमा आली. पूर्वेला नाला, दक्षिणेला पाणंद, पश्चिमेला कालव्याची चारी. उत्तरेला वस्ती. 'वस्ती' लिहिताना मान वर केली असती तर मला आमच्या घराचे पत्रे दिसले असते.

पुढचं वाक्य ठरलेलं होतं. सदर जागा मोकळी व पडीक असून तीवर कोणाचीही वहिवाट अगर वापर नाही.

तलाठी म्हणाला, "सदर जागा," आणि खिशातून तंबाखूची पुडी काढू लागला. त्याला माहीत होतं, पुढचं मी लिहीन.

मी 'कोणाचीही' पर्यंत आलो आणि थांबलो. हे मला अजून स्वच्छ आठवतं. पळसाच्या पलीकडून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येत होता. आत्या तिथेच होती, आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. त्या चार शेतकऱ्यांच्या दृष्टीने ते वाक्य खोटं नव्हतं. ट्रॅक्टर आल्यापासून त्यांच्या दावणी रिकाम्या झाल्या होत्या, त्यांची गुरं गायरानात येणं कधीच बंद झालं होतं. उरल्या होत्या आमच्या वस्तीच्या शेळ्या, आणि शेळ्या फिरतात त्याला वहिवाट म्हणतात का, असा प्रश्न मी माझ्या सोयीने मनात उभा केला. एका पंचाने विचारलं, "सर, पेन थांबला का?" मी 'नाही' म्हटलं आणि वाक्य पुरं केलं. अक्षर नेहमीसारखं ओळीवर बसलं होतं.

सह्या झाल्यावर चहा आला. सरपंच म्हणाला, "आता नाव बी तुमीच सुचवा सर. तुमच्यासारखा शब्द आमाला न्हाई सापडायचा." मी थोडा विचार करून 'नंदनवन' म्हटलं. सगळ्यांना आवडलं. फाटकाच्या कमानीसाठी अक्षरंही मीच कागदावर काढून दिली. रंगाऱ्याने ती जशीच्या तशी उतरवली.

बाग झाली तशी सगळीकडे होते तशी झाली. लोखंडी जाळीचं कुंपण, रंगीत फरशांचा पट्टा, यंत्रं, फाटकाच्या आत सिमेंटची गाय आणि तिचं वासरू. बसका खडक फोडून काढला, तिथे बाक आलं. झिऱ्यावर सिमेंटचं गोल कडं बांधलं, मोटार बसवली. अभ्यासिकेची खोली खरंच बांधली, पण पहिल्या वर्षापासून तिच्यात पाइप आणि खताची पोती आहेत. दोन उन्हाळ्यांनी मोटार जळाली आणि हिरवळ गेली. पुन्हा मुरूम दिसू लागला, फक्त आता जाळीच्या आत.

फाटकावर सूचना आहे: जनावरांना सक्त मनाई.

आत्याकडे तेव्हा पंधरा-सोळा शेळ्या होत्या. कुंपणाबाहेर उरलेला माळ थोडा होता आणि पाणी जाळीच्या आत होतं. तिने माझ्याकडेच यावं हे साहजिक होतं. घरात शिकलेला मीच. झिऱ्यापर्यंत जायला वाट सोडावी आणि खालच्या अंगाला चराईची मुभा असावी, असा अर्ज मी तिच्या नावाने लिहिला. तिने अंगठा दिला. काही महिन्यांनी उत्तर आलं, पंचनाम्यानुसार सदर जागेवर कोणाचीही वहिवाट नसल्याने मागणी मान्य करता येत नाही. मी ते उत्तर तिला वाचून दाखवलं. ते वाक्य माझंच होतं. आत्या म्हणाली, "त्या तलाठ्याचं वाटुळं होईल." मी मान खाली घालून कागदाची घडी केली.

असे तीन अर्ज झाले. तिन्ही माझ्या हातचे, तिन्ही माझ्याच पंचनाम्याने अडवलेले. तहसीलच्या फायलीत एकाच अक्षराचे दोन्ही बाजूंचे कागद एकाखाली एक लावलेले असतील आणि कुणाच्या लक्षातही आलं नसेल. मी दर वेळी अर्ज जास्त कळकळीने लिहायचो. त्यातून फेड होते आहे असं वाटायचं. घरी आल्यावर मात्र इतका थकवा यायचा की बायको विचारायची, शाळेत काही झालं का. मी हो म्हणायचो.

शेळ्या एकेक करत गेल्या. उरलेल्यांतल्या पाच एकदम विकायच्या ठरल्या तेव्हा जवळा बाजारच्या आठवडी बाजारात न्यायला टेम्पो मीच ठरवून दिला. आत्या टेम्पोत मागे शेळ्यांबरोबर बसली, मी पुढे चालकाशेजारी. येताना ती पुढे बसली. रिकाम्या टेम्पोच्या पत्र्याचा आवाज गावापर्यंत ऐकत आलो. घरी तिने एकच शेळी ठेवली. आता ती आणि तिचं करडू, तेवढंच. त्यांना अंगणात बांधून ती पाला आणून घालते. ऐंशीच्या घरात आली आहे.

हे सगळं त्या एका ओळीच्या अर्थामागे होतं.

पुढच्या रविवारी मुलीने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "गायरान."

"बरोबर! मला तुम्ही हाच शब्द म्हणावा असं वाटत होतं." मग तिने तिथली हकिगत सांगितली. बाग अठराव्या शतकातली. ते चराऊ रान मालकाकडे घरच्याच वारशाने आलेलं. त्याने त्यात वळणाच्या वाटा काढल्या, ओढ्याला बांध घालून लहान धबधबे केले, जागोजागी बाकं ठेवली, त्यांवर ओळी कोरल्या. लांबून लोक बघायला येत. पण गुरं-मेंढरं तो तिथे चारतच राहिला. बघणाऱ्याला बाग दिसायची आणि तिथेच गुरंही दिसायची. नाव त्याने बदललं नाही.

"बघा ना बाबा, त्याला भारीतलं नाव ठेवता आलं असतं. गायरानच ठेवलं. तुम्ही का नंदनवन दिलंत?"

ती चिडवत होती. तिला फक्त नावाची गोष्ट माहीत होती, कागदाची नाही. मी म्हटलं, इकडे लोकांना तसलंच आवडतं. मग आवाज तुटतोय असं खोटं सांगून फोन बायकोकडे दिला.

त्या मालकाला मी मोठा करत नाही. तो जमीनदारच होता, आणि त्याच्या वाटा काढताना तिथेही कुणाची शेळी हाकलली गेली असेल, मला काय माहीत. शिवाय त्याचं रान त्याचं होतं, आमचं गायरान कुणा एकाचं नव्हतं. दोन्हींची तुलना नीट जुळत नाही हे मला कळतं. तरी तो आठवडाभर मी वर्गात धडा वाचत असताना तो शब्द मध्येच यायचा. ज्याला शब्दांचा अर्थ शिकवण्याचा पगार मिळतो त्याने एका जागेचं खरं नाव पुसलं होतं, आणि त्याआधी तिथलं माणूस पुसलं होतं. क्रम हाच होता. आत्या कागदावर असती तर नंदनवन हे नाव मला सुचलंच नसतं.

पुढच्या रविवारी सकाळी मी गावी गेलो. आत्या अंगणात सुबाभळीचा पाला शेळीपुढे बांधत होती. मी ओट्यावर बसलो. तिच्यासमोर माझी भाषा आपोआप जुनी होते.

"आत्या, तो कागद मी लिव्हला व्हता."

"कोणचा?"

"पंचनामा. तितं कोणाची वहिवाट न्हाई म्हणून लिव्हलेला."

तिचे हात चालूच होते. "तलाठ्यानं लिव्हला म्हण की."

"त्यानं सांगितला. हात माजा व्हता. सही बी."

तिने दोरीची गाठ मारली, ओढून बघितली आणि मग माझ्याकडे वळली. "मी तितं आसते हे तुला म्हाईत न्हवतं का?"

"म्हाईत व्हतं. लिव्हताना घंटी ऐकू येत व्हती."

"मंग काहून लिव्हलं?"

या प्रश्नाची उत्तरं मी कित्येक वर्षं जमवून ठेवली होती. अभ्यासिका, ठरलेली भाषा, गावातला मान, शेळ्यांना वहिवाट म्हणतात का. तरी मी म्हटलं, "न्हाई सांगता येत."

"अर्ज बी तूच लिव्हायचास."

"व्हय."

"म्हंजी एका हातानं कुलूप लावलंस आन् दुसऱ्या हातानं दार वाजवून राहिलास." तिने करडू जवळ ओढलं. "आन् जवळ्याला जायला गाडी बी तूच करून देलीस."

"व्हय."

ती करडाच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी बराच वेळ बसलो. शेवटी ती म्हणाली की ऊन चढायच्या आत जा, आणि आत गेली. त्या घरातून चहा न घेता मी पहिल्यांदाच निघालो. आमच्याकडे वैऱ्यालाही चहाचं विचारतात.

दोन आठवडे काही निरोप नव्हता. मग शेजारच्या सुनेच्या फोनवरून तिचा फोन आला. मोठा कागद घेऊन ये, एवढंच म्हणाली.

मी गेलो तेव्हा ती काठी घेऊन तयार होती. सोबत वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या होत्या, दोघीही पूर्वी तिच्याबरोबर शेळ्या राखायच्या. आम्ही बागेत गेलो. इतक्या वर्षांत आत्या फाटकातून आत कधीच गेली नव्हती, कारण शेळ्यांशिवाय तिथे जायचं तिला काही कारणच नव्हतं. कमानीखाली ती थांबली आणि वर बघून विचारलं, काय लिव्हलंय. मी वाचलं. सिमेंटच्या गाईजवळ गेल्यावर तिने तिच्या पाठीवर थाप मारली.

"हिला बरी येऊ दिली आत. काय खाती ही?"

"फोटू खाती," दुसरी म्हातारी म्हणाली, आणि तिघी हसल्या. मीही हसलो, मग मला तो हक्क आहे का असं वाटून गप्प झालो.

आत्या म्हणाली, "लिही आता. मी सांगते तसं. तुजं काई घालू नको."

ती पुढे चालत होती, मी मागून वहीच्या पुठ्ठ्यावर कागद धरून लिहीत होतो. बाकापाशी आली. इथे बसकं होतं, लिही. या खडकावर मी आणि माजा भाचा बसायचो, लिही. मी लिहिलं. सिमेंटच्या कड्यापाशी आली. इथे झिरा आहे, जाळीच्या आधीपासून आहे, माझ्या आजीच्या आधीपासून आहे. मग जोडपळस, त्यातला एक उरला आहे. पाळणी, जिथे आता व्यायामाचं यंत्र आहे. एकेका जागी थांबून ती कोण कुठल्या झाडाखाली बसायचं, कुणाच्या किती शेळ्या होत्या हे सांगायची आणि त्या दोघी मध्ये बोलून तिला दुरुस्त करायच्या. माझा हात दोनदा सवयीने ठरलेल्या वाक्याकडे वळला. दोनदा मी खोडलं. इतका खाडाखोडीचा कागद मी आयुष्यात लिहिला नव्हता.

तिघींनी अंगठे दिले. खाली मी लिहिलं की आधीचा पंचनामाही याच हाताने लिहिला असून त्यातलं वहिवाट नसल्याचं वाक्य खोटं आहे, ते खोटं आहे हे लिहिताना मला माहीत होतं. सही केली.

ग्रामसभेत तो कागद वाचला तेव्हा सरपंच रागावला नाही, त्याला वाईट वाटलं असं दिसलं. तो म्हणाला, "सर, तुमीच लिव्हलं, तुमीच नाव देलं, आता तुमीच म्हणता खोटं हाय. उद्या तुमचा कोणचा कागद खरा धरायचा?" त्याचं बरोबर होतं, आणि मी तसंच सांगितलं. एका ओळखीच्या वकिलाने आधीच बजावलं होतं की हे माझ्याच अंगावर येऊ शकतं, नोकरीला अजून काही वर्षं आहेत. तेही बरोबर होतं. मी धीट झालो होतो असं नाही. तेच तेच लपवून दमलो होतो.

तहसील कार्यालयात कागद घेऊन मी एकटाच गेलो. आवक घेणारा कारकून तरुण होता. विषयात मी सवयीने 'नंदनवन उद्यान येथील जागेबाबत' असं लिहिलं होतं. त्याने गट क्रमांक विचारला, संगणकावर बघितलं आणि अर्ज परत माझ्याकडे सरकवला.

"असं नाव नाही साहेब. सातबाऱ्यावर गायरानच आहे. तेच लिहा."

मी खिडकीपाशी उभ्याने ते नाव खोडलं आणि वर गायरान लिहिलं. नाव कागदावरून कधी गेलंच नव्हतं. ते फक्त मी काढून दिलेल्या कमानीवर बदललं होतं. त्याने शिक्का मारला. पुढे काय होईल हे त्यालाही सांगता आलं नाही. मला वाटतं लवकर काही होणार नाही, आणि आत्याकडे फार वर्षं नाहीत.

त्या रविवारी मुलीला सगळं सांगितलं. बायकोही शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत होती. मुलीने तो फोन चालता चालता घेतला नाही, कुठेतरी बसली होती. मग तिने फक्त विचारलं की आजी तिच्याशी बोलेल का. आत्याला ती आजी म्हणते. मी म्हटलं, विचारून सांगतो.

शिक्क्याची प्रत घेऊन गावी गेलो. आत्याने ती हातात घेऊन उलटसुलट बघितली, शिक्क्यावर बोट फिरवलं, आणि पूर्ण वाच म्हणाली. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. माझ्या कबुलीची ओळही वाचली.

"झिरा दोनदा लिव्हलास," ती म्हणाली.

"तू दोनदा सांगितलंस."

"मंग ऱ्हाऊ दे."

शेळी मध्येच ओरडली. आत्याने कागदाची घडी करून पदराखाली कनवटीला खोचली आणि उठायला गेली. गुडघे धरून पुन्हा बसली.

"चहा तूच ठेव," ती म्हणाली. "साखर कमी टाक."